दोन सेकंदांचा शंकू

स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत गाडी नेहमी एकटी असते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कडा, मधून नुकताच पाऊस पिऊन तृप्त झालेला रस्ता, आणि त्या रस्त्यावर ती एकटीच. समोरून ट्रक येत नाही, मागून कुणी हॉर्न वाजवत नाही, वळणावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ नाही. चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे काही भाव असतात की, ह्याला घरून निघताना कुणी दूध आणायला सांगितलेलं नसावं. मला वाटतं, गिऱ्हाईक गाडीपेक्षा त्या एकटेपणालाच भुलतं. दोनच आसनं, त्यातलं एक बहुधा रिकामं, डोक्यावर छप्पर नाही. संन्यास घ्यायची इतकी वेगवान सोय दुसरी नसेल. मग तो माणूस ती गाडी घेतो, महिनाभर एकटा हिंडतो, आणि एके दिवशी गुपचूप जाऊन क्लबाचा सभासद होतो.

माझंही असंच झालं. बोस्टनजवळ राहायला आल्यावर बऱ्याच वर्षांनी, मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर, मी एक जुनी लाल माझदा मिआटा घेतली. अगदी पहिल्या पिढीतली. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा मी नारायणगावच्या शाळेत होतो आणि जगात फियाट, अँबॅसेडर आणि एसटी याखेरीज चौथी जात असेल अशी मला शंकाही नव्हती. इंजिन १.६ लिटरचं, वजन टनाच्या आत, आणि पुढचे दिवे झोपमोड झालेल्या बेडकाने पापण्या उघडाव्यात तसे बॉनेटमधून वर येणारे. घरच्यांचं म्हणणं, ह्या गाडीत दोन माणसं आणि कोथिंबिरीची एक जुडी मावते, पैकी जुडी मांडीवर घ्यावी लागते. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

मी ज्या संस्थेचा सभासद झालो तिचं नाव स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, आणि आमच्या भागातली तिची शाखा म्हणजे न्यू इंग्लंड रिजन. मूळ संस्था १९४४ साली बोस्टनमध्येच स्थापन झाली. हे साल मला फार आवडतं. महायुद्ध चालू, पेट्रोल कुपनावर, टायर तर त्याच्याही आधीपासून शिधापत्रिकेवर, डेट्रॉइटचे कारखाने मोटारी सोडून रणगाडे आणि विमानांत गुंतलेले. आणि अशा ऐन वेळी काही गृहस्थ एकत्र जमून ठरवतात की, आता वेगवान मोटारींचा क्लब काढायला हरकत नाही. दुष्काळी गावात पट्टीच्या पोहणाऱ्यांचं मंडळ निघावं, तसंच हे. पण मंडळं अशीच निघतात. विहिरी तुडुंब असल्या की लोक नुसते पोहतात, इतिवृत्त लिहीत बसत नाहीत.

युद्ध संपलं, पेट्रोल सुटलं आणि ह्या मंडळींना आवरणं कठीण झालं. न्यूयॉर्क राज्यात सेनेका तलावाच्या टोकाला वॉटकिन्स ग्लेन नावाचं लहानसं गाव आहे. कॅमेरॉन आर्गेट्सिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने १९४८ च्या ऑक्टोबरात तिथल्या साध्यासुध्या रस्त्यांवर शर्यत भरवली. साडेसहा मैलांचा फेरा, कुठे डांबरी, कुठे मातीचा, गावच्या भर पेठेतून जाणारा, आणि वाटेत रेल्वेचे रूळ. शर्यत होईस्तोवर आगगाडी थांबवून ठेवली होती. देवाच्या पालखीसाठी वाहतूक थांबते हे मी पाहिलं आहे. अल्फा रोमिओसाठी आगगाडी थांबावी, ह्यातही एक प्रकारची भाविकता आहेच. पण १९५२ साली त्याच शर्यतीत रस्त्याच्या कडेला असलेलं सात वर्षांचं मूल एका गाडीच्या धडकेने गेलं, आणि पेठेतल्या शर्यती तिथेच संपल्या. मग मदतीला आला कर्टिस लेमे, अमेरिकी हवाई दलाचा जनरल. जपानी शहरांवर ज्याच्या हुकुमाने आग बरसली, तोच हा माणूस. त्याला स्पोर्ट्स कारचाही नाद होता. त्याच्या अखत्यारीतल्या हवाई तळांच्या धावपट्ट्या पुढची दोनेक वर्षं ह्या हौशी मंडळींच्या शर्यतींसाठी उघडल्या गेल्या. धावपट्टी आणि आमची संस्था यांची सोयरीक तेव्हापासूनची, आणि जमवणारा मध्यस्थ असा विलक्षण.

आमच्या वाट्याला आलेली धावपट्टी मात्र अगदी निवृत्त, पेन्शनीत निघालेली. मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्सला पहिल्या महायुद्धापासून लष्कराची छावणी होती. १९९० च्या दशकात ती आवरली आणि मागे उरलं एक प्रचंड, सपाट, राखाडी रिकामपण. भेगांतून गवत वर आलेलं, कडेला पाइनची झाडं सावधान उभी, अजून कुणी विश्राम म्हटलेलं नाही म्हणून. मी सभासद झालो त्या वर्षांत आमचे कार्यक्रम तिथे होत. उजाडता उजाडता क्लबाचे लोक येऊन दीड दीड फुटी नारिंगी प्लास्टिकचे शंकू त्या रिकामपणावर मांडत आणि काही नाही तिथे एक रस्ता तयार होई: नागमोडी, मध्येच चिंचोळा, मध्येच पोट सुटल्यासारखा, शेवटी एकदम लाजून वळणारा. संध्याकाळी तो रस्ता उचलून एका ट्रेलरमध्ये भरत. पुढच्या खेपेला वेगळाच रस्ता. इतका क्षणभंगुर डांबरी मार्ग मी फक्त आमच्या तालुक्यात, निवडणुकीनंतरच्या पावसाळ्यात पाहिला होता.

ह्या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. यात कुणी कुणाच्या अंगावर गाडी घालत नाही, ओलांडून पुढे जात नाही. गाड्या एकेक करून सुटतात. प्रत्येकीची झुंज घड्याळाशी, आणि घड्याळ सेकंदाचे हजार तुकडे करून बसलेलं. फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पाडला की वेळेत दोन सेकंदांची भर, वाट चुकली तर फेरी बाद. वेग म्हणाल तर हमरस्त्यावर कुणीही जातो तेवढाच. फक्त हमरस्त्यावर दर दोन श्वासांनी जगाची दिशा बदलत नाही. अशा पाच-सहा फेऱ्या मिळाल्या की दिवस संपतो. म्हणजे पहाटे उठायचं, तासभर गाडी हाकत जायचं, उन्हात रापायचं, तिन्हीसांजेला परतायचं, आणि ह्या सगळ्यात ज्यासाठी गेलो ते काम पाच-सहा मिनिटांचं. हा हिशेब घरी मांडून पाहिला तेव्हा घरच्यांनी एवढंच विचारलं, ‘आणि उरलेला दिवस?’ प्रश्न चांगला होता. खरं तर हा निबंध त्या उरलेल्या दिवसाबद्दलच आहे.

दिवसाची सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून होते. आत सुटी वस्तू राहता कामा नये, ती वळणावर उडून पायाखाली येते. त्यामुळे सकाळी प्रत्येक गाडीशेजारी तिच्या पोटातल्या ऐवजाचा एक ढीग लागतो. पायपुसणी, छत्री, लहान मुलाचा एकच बूट, अर्धवट गुंडाळलेला योगाचा पट्टा, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, तीन चष्मे. भारी पोर्शे असो की आजीकडून मिळालेली सिव्हिक, ढीग सारखेच. बाहेरून गाड्या वेगवेगळ्या वर्गातल्या. ढिगांत मात्र सगळा एकच मध्यमवर्ग. मग निळ्या चिकटपट्टीने दारांवर आकडे चिकटवायचे. ही पट्टी घर रंगवताना खिडकीच्या कडेला लावतात ती. लाख डॉलरच्या गाडीवर गुडघे टेकून, जीभ दातांत धरून पट्टीचा ४७ काढणारा शल्यविशारद पाहिला, तेव्हा हा क्लब आपल्याला मानवेल अशी माझी खात्री पटली.

त्यानंतर तपासणी. एक वयस्क गृहस्थ चाकाचे नट हलवून बघतात, बॅटरी घट्ट आहे का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे येतो का, हेल्मेटच्या आत कोणत्या मानकाचा शिक्का आहे, सगळं पाहतात. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर बोटभर उंचीचा गणपती आहे. पहिल्या खेपेला त्यांनी तो चिमटीत धरून डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे हलवून पाहिला. गणपती जागचा हलला नाही. ‘पक्का आहे,’ असं गंभीरपणे म्हणून त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. आमच्या घराण्यात श्रद्धेची इतकी रोखठोक तपासणी कुणीच केली नव्हती. पुढे प्रत्येक वेळी ते आधी गणपती हलवून बघत आणि मग चाकांकडे वळत.

मग पायी फेरी. शंकूंची वाट आधी चालून पाठ करायची असते. ह्या दृश्याला मी कधी विटणार नाही. धुक्यात, हातात कॉफीचे पेले घेतलेली पन्नास-साठ माणसं एका अदृश्य देवळाला प्रदक्षिणा घालत असतात. कुणी मध्येच थांबून गुडघ्यावर वाकतो आणि शंकूच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते पाहतो. कुणी डोळे मिटून रिकाम्या हवेतलं चाक फिरवतो. ओठ पुटपुटत असतात. नवख्यांना घेऊन एक जाणती बाई पुढे चालते आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगते: समोरच्या शंकूकडे पाहू नका, त्याच्या पलीकडच्याकडे पाहा. ज्या शंकूकडे टक लावाल, गाडी नेमकी त्याच्यावर जाते. हे अनुभवाने शंभर टक्के खरं आहे. डोळा जिकडे, हात तिकडे, आणि हातामागून एक टनाची मिआटा.

प्रत्यक्ष फेरीबद्दल काय सांगणार? झेंडा हलतो, आपण सुटतो, आणि नंतर आठवतं तेव्हा गाडी थांबलेली असते. मधल्या मिनिटाची फक्त तुकड्यांत आठवण राहते: टायरांचं कण्हणं, खिडकीतून तिरका झालेला पाइनचा एक शेंडा, आणि दोन्ही बाजूंनी नारिंगी काहीतरी, संत्र्यांच्या बागेतून वादळ चाललं असावं तसं.

वेळेपेक्षा चर्चा रंगते ती गुणकाची. गाड्या इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या की त्यांची सरळ तुलना अन्यायाची, म्हणून गाड्यांचे वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्गाला एकाहून लहान असा दशांश गुणक देतात. आपली वेळ त्या गुणकाने गुणायची. बलदंड गाडीला मोठा गुणक, गरीब गाडीला लहान. त्यामुळे चारशे घोड्यांच्या शक्तीची कॉर्व्हेट आधी पोचूनही कागदावर आजीच्या सिव्हिकच्या मागे राहू शकते. हे मला फार सुसंस्कृत वाटलं होतं. तेवढं पुढे नानांना पटलं नाही, त्यांच्याकडे येतोच.

आणि आता उरलेला दिवस. ह्या क्लबाचा एक नियम आहे: जो गाडी पळवील त्याला कामही करावं लागेल. सभासदांचे गट पाडतात. एक गट पळतो तेव्हा दुसरा धावपट्टीवर ठिकठिकाणी चौक्या धरून उभा राहतो. अंगात भडक रंगाचं जाकीट, कमरेला वॉकीटॉकी, हातात गुंडाळलेला लाल झेंडा, पायाशी अग्निशामक नळकांडं. बसायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, फोटो तर मुळीच नाही, आणि येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर त्याच्या बुडाचा चौकोन आखलेला असतो. शंकू आडवा झाला, किंवा उभा असूनही चौकोनाच्या पार बाहेर गेला, तर दोन सेकंद दंड. एक कोपरा जरी रेषेला चिकटून राहिला आणि शंकू उभा असला, तर माफ. मग वॉकीटॉकीवर आवाज द्यायचा, ‘गाडी सत्तेचाळीस, एक शंकू,’ आणि मागची गाडी यायच्या आत पळत जाऊन तो जागेवर ठेवायचा.

त्या पळण्याला तोड नाही. पोट सुटलेले प्राध्यापक, निवृत्त पायलट, दातांच्या डॉक्टरीणबाई, पंचविशीतली सॉफ्टवेअरची पोरं, सगळे एकाच लगबगीने धावतात, शंकूचे कान धरावेत तसे त्याला टोकाला धरून उचलतात, चौकोनात नीट बसवतात, एक पाऊल मागे येऊन सरळ आहे ना पाहतात आणि पुन्हा जागेवर. गाडी पळवताना कुणाचा चेहरा दिसत नाही, हेल्मेटच दिसतं. शंकू उचलताना माणूस दिसतो. कुणी पाडणाऱ्यावर चिडतं, कुणी शंकूचीच समजूत काढतं. तुमच्या चौकीवरचा शंकू कुणी वारंवार पाडला की त्या माणसाबद्दल मनात एक कौटुंबिक माया तयार होते. मंगळसूत्र सांभाळत पळणारी एक तेलुगू मुलगी प्रत्येक शंकू ठेवल्यावर त्याच्या डोक्यावर हलकेच थापटते. का, असं मी विचारलं नाही. मीही आता थापटतो.

आणि नेमकं तिथे, हातात झेंडा घेऊन उभा असताना, माझ्या लक्षात आलं की हा खेळ मला परका नाहीच. माझं बालपण जुन्नर-आंबेगावकडच्या यात्रांत गेलं. तिकडचा बैलगाडा म्हणजे समोरासमोरची शर्यत नव्हे. चढणीचा घाट बांधलेला, गाडे एकेक करून सुटायचे, पुढे वाट दाखवणारी घोडी, वर निशाण धरून उभे पंच, आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपलेली. लाउडस्पीकरवरचं ‘भिर्रर्र’ विरायच्या आत धुरळ्यातून वेळ पुकारली जायची. दिवसभरात सगळ्यांत कमी वेळेत येईल तो घाटाचा राजा. इकडे संध्याकाळी दिवसातली सर्वांत वेगवान वेळ वाचून दाखवतात, तेव्हा माझ्या मनात अजून हाच किताब उमटतो. आमचा गाडा चुलत्यांच्या भागीदारीत होता आणि गाडा कधी एका माणसाने पळत नाही. जुंपायला माणसं, धरायला माणसं, बारी झाल्यावर वरच्या अंगाला बैल आवरून चुचकारत खाली आणायला माणसं. मी त्या वरच्या टोळीतला सर्वांत लहान. माझ्याकडे पाण्याची बादली असे. दहा-पंधरा सेकंदांसाठी चुलत्यांनी सबंध साल खिल्लारांना अंडी-दूध पाजलं, आणि मी सबंध दिवस बादली धरली. तेव्हाही उरलेला दिवस बराच होता.

बैलांचे हाल होत, हेही खोटं नाही. शेपट्या पिरगाळलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं समर्थन करणाऱ्यांच्या तोंडचे पुराणातले दाखलेही ऐकले आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा मला वाईट आणि बरं एकदमच वाटलं. २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. पण मधली वर्षं घाट सुने होते. चुलत्यांनी जोडी विकली. माझे वडील, नाना, विकायला तयार नव्हते. त्यांनी म्हातारा बैल दावणीला ठेवला आणि तो गेल्यावरही गोठ्यातली ती जागा कुणाला वापरू दिली नाही. त्याच वर्षांतल्या एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या गवत कापणाऱ्या यंत्राकडे बघत. मी त्यांना डेव्हन्सला घेऊन गेलो.

पाहुण्यांनाही जबाबदारीच्या कागदावर सही करून मनगटावर पट्टा बांधावा लागतो. नानांनी धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि मनगटावर पिवळा कागदी पट्टा अशा थाटात घडीची खुर्ची मांडली. पहिल्या दोन-तीन गाड्या त्यांनी मुकाट्याने पाहिल्या. मग म्हणाले, ‘घोडी कुठंय?’

‘नसते नाना इथं. शंकू बघून जायचं.’

‘म्हंजी वाट दावाया कुणीच न्हाई?’ त्यांनी शंकूंकडे जरा वेळ पाहिलं. ‘मंग चुकणारच की.’ आणि तेवढ्यात एक निळी गाडी खरोखरच वाट चुकून भलत्याच फाटकातून बाहेर पडली.

गुणकाची गोष्ट मी त्यांना कौतुकाने सांगितली. ती ऐकताना त्यांचा चेहरा सावकाराचं व्याज ऐकल्यासारखा होत गेला. ‘पळाला तो पळाला,’ ते म्हणाले. ‘त्याला आन् कशानं गुणायचं? पलीकडल्या आळीच्या बैलांनी सरकी खाल्ली न् आमच्यांनी कडबा, म्हणून आम्ही कधी सेकंद मागून घेतलं न्हाईत.’ मी समतेच्या बाजूने बरंच बोललो. त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून डोलावली नव्हती, हे मला लहानपणापासून कळतं.

दुपारी ऊन चढलं. उन्हाळ्यात लागोपाठच्या फेऱ्यांनी टायर तापतात, रबर बुळबुळीत होऊन पकड सुटते, म्हणून फेऱ्यांच्या मधल्या वेळेत टायरांवर पाण्याचा फवारा मारतात. त्यासाठी बागेला औषध मारायचा हातपंप वापरतात. आमच्या शेजारी कॉर्व्हेटवाले एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचा पंप बिघडला होता. दट्ट्या मारमारून ते घामाघूम, आणि पंपाच्या तोंडातून फवारा म्हणून नुसती लाळ गळत होती. नाना ते बराच वेळ पाहत होते. नारायणगावच्या बाजारात ज्यांनी जन्मभर टोमॅटो नेले, त्या माणसाला एवढा वेळ सहन झालं हेच विशेष. ते उठले, काही न बोलता न्यायाधीशांच्या हातून नळी घेतली, नोझल पिळून काढलं, तोंडाने फुंकलं, काँक्रीटच्या भेगेतली गवताची काडी उपटून छिद्रात घातली, काहीतरी काळं बाहेर काढून ते न्यायाधीशांना पुराव्यादाखल दाखवलं आणि नोझल परत बसवून चाचणीचा एक फवारा हवेत सोडला. उन्हात क्षणभर इंद्रधनुष्य आलं. न्यायाधीश टाळ्या वाजवायला लागले.

त्यानंतर पंप नानांच्या हातून सुटला नाही. गाडी फेरी मारून आली की ते पुढे होत, तळहात टायरवर ठेवत, बारी मारून आलेल्या बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा, डोळे बारीक करून अंदाज घेत आणि मगच पाणी मारत. चारही चाकांना सारखं नाही. पुढच्या उजव्या चाकाला जास्त लागत असेल तर तिथे जास्त. ‘ह्यो डावीकडं लई वळतोय,’ माझ्याकडे न बघता मराठीत सांगत. मी भाषांतर केलं, तेव्हा न्यायाधीश चकित झाले, कारण त्या दिवशीच्या वाटेत डावी वळणं खरंच जास्त होती. हळूहळू इतर गाड्याही आमच्या रांगेजवळ रेंगाळू लागल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चाकाकडे बोट दाखवलं, नानांनी हात लावून पाहिला आणि बोटाने ‘नको’ केलं. बाईंनी मान्य केलं. दोघांत एकही समाईक शब्द नव्हता आणि बोलणं अखंड चालू होतं. कुणीतरी नानांच्या खांद्यावर ते भडक जाकीट घातलं. त्यांनी त्याची बटणं शोधली, बटणं नव्हती, तर पदरासारखं नीट लपेटून घेतलं. त्यांच्या मागच्या खुर्चीवर दोन पाण्याच्या बाटल्या, एक डोनट आणि कुणीतरी आणून ठेवलेला सफरचंदांचा खोका असा नैवेद्य साठत गेला.

मी तेव्हा माझ्या चौकीवर शंकू उचलत होतो आणि लांबून एवढंच दिसत होतं की एक टोपी ह्या गाडीवरून त्या गाडीवर सरकते आहे. माझी पळायची वेळ आली, मी फेरी मारून परत आलो, गाडी रांगेत लावली, हेल्मेट काढलं. बरी फेरी झाली होती, शंकूही एकच पडला होता. नाना पंप घेऊन आले. वाकून त्यांनी पुढच्या चाकाला हात लावला, मग मागच्या, मग पलीकडून जाऊन उरलेल्या दोन्हींना. प्रत्येक ठिकाणी जरा जास्तच वेळ. शेजारी न्यायाधीश उत्सुकतेने निकालाची वाट पाहत उभे होते.

नाना सरळ झाले, पंपाची नळी गुंडाळून घेतली आणि कॉर्व्हेटकडे वळता वळता मला म्हणाले, ‘तुझ्या गाडीला पानी नगं. ती आजून गरमच झाली न्हाई.’